अंबादासअण्णांची रंगीत तालीम

मला शासन म्हणून नेमलं ते शेजारच्या अंबादासअण्णांनी. मी भूगोलाचा निवृत्त मास्तर, पण त्यांना चालत होतं.

अण्णांचे चार यंत्रमाग घरातच, पुढच्या खोलीत. टॉवेल विणतात. वस्त्रोद्योगाचं नवं धोरण ठरवायला सरकार उद्योजकांना बैठकीला बोलवायचं, तेव्हा छोट्या मागवाल्यांच्या वतीनं अण्णा जायचे. मागणी एकच: मोठ्या कारखान्यांना मिळणारी वीज सवलत घरातल्या मागालाही मिळावी. नाहीतर माग भंगारात घालायचे, एवढं सरळ होतं. म्हणून प्रत्येक बैठकीआधी आमच्या घरी तालीम.

"सर, तुमी आत जावा. शासन कधी आधी येऊन बसतंय व्हय?"

मग मी उशिरा बाहेर यायचं. ते बोलायला लागले की मोबाईल बघायचा. एकदा मी चटकन "बरोबर आहे तुमचं" म्हणालो, तर अण्णांनी कपाळाला हात लावला. "असं लगेच मानलात तर मला सवय कशी लागंल? फाईल मागवतो म्हणा की."

आधी हे खातं त्यांच्या बायकोकडं, लक्ष्मीकाकूंकडं होतं. भाकरी थापता थापता काकू अख्खं मंत्रालय चालवायच्या. "निधी न्हाय, पुढच्या वर्षी या," म्हणायच्या आणि भाकरी उलटायच्या. अण्णा मग त्यांच्या घरच्या भाषेत, तेलुगूत चिडायचे. भिंतीपलीकडं आम्ही हसून बेजार.

मागच्या वर्षी काकू गेल्या. काही दिवसांनी अण्णा माझ्याकडं आले. म्हणाले, "सर, शासनाची जागा रिकामी हाय."

गेल्या महिन्यात मात्र नवल झालं. बैठकीत साहेबांनी अण्णांचं म्हणणं शांतपणे ऐकलं आणि पुढं ते धोरणात आलंसुद्धा. अण्णांनी गल्लीभर पेढे वाटले. खोटं कशाला बोलू, आपण सुटलो म्हणून मीही दोन जास्त खाल्ले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा दारात उभे. इस्त्रीचा शर्ट, काखेत बैठकीची पिशवी.

"आता काय राहिलं, अण्णा? सगळं मिळालं की."

"मिळालं, सर. माग वाचले." ते पायरीवरच बसले. "पण संध्याकाळी माग बंद केले की घर लई गप्प होतंय. आधी तिच्याशी भांडत होतो, मग तुमच्याशी. आता कुणाकडं काय मागू?"

मी त्यांना हाताला धरून आत आणलं, खुर्चीवर बसवलं आणि जमेल तेवढ्या कोरड्या आवाजात विचारलं, "सुताच्या भावाबद्दल काय म्हणणं आहे तुमचं? थोडक्यात सांगा."

अण्णांनी पिशवी उघडली. रात्री आमच्याकडं जेवायला बसले, तेव्हाही ते थोडक्यातच सांगत होते.