शांतीचा उच्चार

प्रार्थना संपली होती, पण 'आमेन' कोणी म्हणत नव्हते. जेवणाच्या टेबलाभोवती तीन मुले हात जोडून, डोळे किलकिले करून बसली होती आणि त्यांच्या डोक्यांवरून दोन जावा एकमेकींकडे पाहत होत्या. काचेचा पेला फरशीवर पडल्यानंतर आणि तो कोणाच्या हातून पडला हे ठरण्यापूर्वी जी शांतता असते, तशी ती शांतता होती. फुटले होते ते मात्र एक अक्षर.

प्रार्थनेतला शेवटचा लॅटिन शब्द थोरलीच्या मुलीने 'पाकेम' म्हटला होता आणि धाकटीच्या दोन्ही मुलांनी 'पाचेम'. शब्दाचा अर्थ होता शांती.

शाळा घरातच भरत असे. आधी व्याकरण, त्यावर तर्कशास्त्र आणि सर्वांत वर वक्तृत्व, अशी जुन्या कॅथलिक परंपरेची ती चढण होती. मुलांनी आधी शब्द नीट धरायला शिकावे, मग विचार नीट करायला, आणि बोलायचे ते शेवटी. मुले हा क्रम उलटा पाळत, एवढीच अडचण होती. खालच्या मजल्यावरची थोरली व्याकरण आणि तर्क शिकवी. वरच्या मजल्यावरची धाकटी गायन आणि संतांची चरित्रे. लॅटिन त्याच महिन्यात सुरू झाले होते, आणि पहिले धडे प्रत्येकीने आपापल्या मजल्यावर गिरवून घेतले होते.

"अगं, तो 'क' आहे," थोरली अखेर म्हणाली. आवाजात मऊपणा होता, पण उशीखाली दगड ठेवावा तसा. "जुने रोमन लोक तसंच बोलायचे. पुस्तकात स्पष्ट दिलंय."

"असेल हो, जाऊबाई. पण चर्चमध्ये, मिस्सेच्या प्रार्थनेत, मी लहानपणापासून 'च'च गात आलेय. ज्यांना हा शब्द देवाकडे मागायचाय, ते 'च' म्हणतात."

"चमच्यातला च की चिमणीतला?" असे पिल्लूने विचारले. पिल्लू धाकटीची धाकटी होती, वय वर्षे सहा, आणि तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते.  तिने आपल्यापुरता चमच्यातला पक्का केला.

त्या दिवसापासून घरात एक बारीक भेग वाढू लागली. शांतीपुरतेच असते तर निभावले असते; पण लॅटिनमधल्या आकाशालाही नेमके तेच अक्षर होते. खालच्या मजल्यावर 'काएलुम' पसरले, वरच्या मजल्यावर 'चेलुम', आणि जिन्यात उभे राहिले तर डोक्यावर नेमके काय आहे हे सांगता येईना. गाण्याचा तास वर गेला, व्याकरणाचा खाली राहिला. धाकटीचा मुलगा बोका, जो खाण्याखेरीज कशातच घाई करत नसे, त्याने खालची उजळणी करायला नकार दिला. आपण वर पास झालो आहोत, असे त्याचे म्हणणे होते. थोरलीच्या मुलीला घरात पंडित म्हणत. तिने आईसमोर रीतसर मांडणी केली: एकच गोष्ट एकाच वेळी बरोबर आणि चूक असू शकत नाही, काकूचे बरोबर असेल तर तुझे चूक, आणि तुझे चूक असेल तर कालचा गृहपाठ रद्द.

"हे असलं उलट बोलायला कोणी शिकवलं तुला?" थोरलीने विचारले.

"तूच. मंगळवारी."

शेवटी चर्चमधल्या फादरांना चहाला बोलावण्यात आले. भला माणूस; त्यांना केकचा वास आला होता, सापळ्याचा नाही. दोघींनी त्यांना मध्ये बसवले आणि तो एक शब्द म्हणून दाखवण्याची विनंती केली. फादरांनी केकचा गरजेपेक्षा मोठा तुकडा तोंडात घेतला. तो संपेपर्यंत दोघी थांबल्या. मग त्यांनी दुसरा घेतला. तोही संपल्यावर ते म्हणाले, "देवाला दोन्ही कळतं," आणि टोपी शोधू लागले. धाकटीने त्याचा अर्थ घेतला की तिचे चालते. थोरलीने घेतला की देव चुकाही पोटात घालतो. दोघीही जिंकल्या, आणि संध्याकाळपासून दोघींचे बोलणे बंद झाले.

थोरलीचा नवरा जमिनीची मोजणी करणारा होता. दिवसभर लोकांच्या कुंपणांची भांडणे मिटवून तो घरी येई, ते केवळ जेवायला. त्याचा भाऊ जहाजावर होता, तेव्हा दोन्ही मजल्यांचा कर्ता पुरुष सध्या तोच होता आणि त्याला ही बढती नको होती. येत्या रविवारच्या मिस्सेत तिन्ही मुले पुढे उभी राहून तीच प्रार्थना गाणार होती. जेवताना ताटावरून नजर न उचलता तो म्हणाला, "तिघांच्या तोंडून एकच शब्द आला तर ठीक. नाहीतर सोमवारी तिघंही सरळ बाहेरच्या शाळेत. मग कोणी क म्हणा, कोणी ज्ञ म्हणा."

वरच्या मजल्यावर हा निरोप पंडितने पोचवला. तो ऐकून धाकटी खिडकीपाशी गेली. लग्न होऊन आल्यावर कितीतरी वर्षे ती थोरलीला जिन्यापुरतीच ओळखत होती: "येता का", "नको, घाईत आहे". घरची शाळा सुरू झाली आणि त्या टेबलावर मुलांच्या वह्यांवरून दोघींची डोकी जवळ आली. थोरलीला हसता येते, आणि हसताना ती तोंडावर पदर धरते, हे धाकटीला तिथे कळले. टेबल गेले तर पुन्हा जिनाच उरणार होता. खाली थोरली एकटीच मुलांच्या पेन्सिलींना टोके काढत बसली होती. ज्यांना आधीच टोके होती, त्यांनाही.

शनिवारी दोन्ही मजल्यांवर दारे लावून तालीम झाली.

रविवारी वेदीसमोर तिघे उंचीप्रमाणे उभे राहिले. मोजणीदार तिसऱ्या बाकावर, दोघी जावा पहिल्यावर, मध्ये एका माणसाची जागा सोडून. स्वर छान लागले. आवाज छताकडे असे चढत गेले की क्षणभर कोणालाच काही मागायचे उरले नाही. मग तो शब्द आला. पंडित स्वच्छ म्हणाली, "पाचेम." बोका तितक्याच स्वच्छपणे म्हणाला, "पाकेम." आणि दोघांच्या मधल्या फटीतून पिल्लूचा चमच्यातला च शिट्टीसारखा निसटून घुमटापर्यंत गेला: "पात्सेम."

फादरांनी डोळे मिटून घेतले.

बाहेर पायऱ्यांवर दोघी समोरासमोर आल्या.

"तुमची पंडित 'च' म्हणाली," धाकटी म्हणाली. "माझी चेष्टाच करायची होती ना?"

"आणि तुझा बोका 'क' म्हणाला, ते काय होतं?"

"मी शिकवलं त्याला. म्हटलं, अक्षर जाऊ दे. आपलं टेबल राहू दे."

थोरलीने पदर तोंडाकडे नेला. पण ती हसत नव्हती. "अगं वेडे," ती म्हणाली, "मीही तेच केलं." मग मात्र दोघी हसल्या, डोळे पुसले, आणि मोजणीदाराने सुटकेचा निःश्वास टाकला. तो श्वास अर्ध्यावर असतानाच थोरली म्हणाली, "तर ठरलं. सोमवारपासून 'च'."

"छे हो जाऊबाई, 'क'. पुस्तकात आहे तसं."

"पुस्तकाला काय कळतंय? ते कधी गातं का?"

"गाणं काय, कशावरही बसवता येतं. व्याकरण मोडून कसं चालेल?"

"मी थोरली आहे ना? मग माझं ऐक. तुझंच बरोबर आहे."

"तुम्ही नेहमी असंच करता. मोठेपणा सगळा तुमच्याकडे."

"आणि तू? माघार घेतेस, वर मलाच ओशाळं करतेस."

आवाज वाढू लागले. मिस्सेहून परतणाऱ्या दोन म्हाताऱ्या थांबून पाहू लागल्या. पंडितने बापाची बाही ओढली.

"बाबा, शब्द तीन आले, म्हणजे उद्या शाळा. पण अट घातली होती भांडण मिटावं म्हणून. आणि आई म्हणतेय काकूचं बरोबर, काकू म्हणतेय आईचं बरोबर. म्हणजे मिटलं. पण भांडताहेत तर दोघीही. मग मिटलं म्हणायचं की नाही?"

मोजणीदाराने एकदा बायकोकडे पाहिले, एकदा भावजयीकडे. दोघींनी एकमेकींचे मनगट धरले होते; ते सोडवून घेण्यासाठी की सुटू न देण्यासाठी, हे इतक्या जवळूनही सांगता येत नव्हते. त्याने कोटाची गुंडी लावली, आणि मुलीची बोटे हलकेच बाहीवरून काढून तो फाटकाच्या दिशेने चालू लागला.