फोनमधला गव्हाचा दाणा

मंडळी, आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. माझाही बसत नव्हता, आणि मी तर तिथे हजर होतो! पण पुरावा खिशात आहे. शेवटी दाखवतो. दगा, तोपर्यंत तू माझ्या खिशाकडे बघू नकोस. बिडी त्यात नाही.

सुरतेच्या उधन्यातल्या माझ्या दारच्या या ओटल्यावर बसणाऱ्या निम्म्या लोकांनी माझ्या हाताखाली लूम चालवले आहेत. धुडकू मास्तर म्हटलं की अजून लूमच्या खात्यातला शेठ खुर्चीतून अर्धा उठतो. एकदा तर बंद पडलेला लूम माझी सायकल फाटकातून आत येताना पाहून आपोआप सुरू झाला होता. दगा साक्षीला आहे. दगा म्हणतो, त्या दिवशी तो रजेवर होता. दगा रजेवर असेल, लूम तर रजेवर नव्हता!

तर अशा माणसाला एका फोनने रडवलं, ही ती गोष्ट.

किसनराव मराठवाड्याचे, त्यांना ठाऊक नसेल म्हणून आधी थोडं सांगतो. आम्हा खान्देशी लोकांची कानबाई श्रावणात बसते. तिच्या रोटांसाठी गहू मोजतात, तेव्हा घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा सव्वा मूठ सुपात टाकतात. आजाची मूठ, बापाची मूठ, पाळण्यातल्या पोराचीही मूठ. मूठ पडली की पोर भाऊबंदांत आलं. आमच्या घराण्याची कानबाई गावाला, थोरल्या भावाच्या घरी बसते, आणि यंदा तिथे माझ्या नातवाची, योगराजची, पहिली मूठ पडायची होती. आमच्या मुलाला, गोपालला, मूल होईना, तेव्हापासून माझी बायको भागीरथी दर श्रावणात गावाला जायची, सगळ्यांच्या मुठी पडताना बघायची आणि परतीच्या गाडीत सुरतेपर्यंत एक शब्द बोलायची नाही. म्हणायची, एक मूठ वाढलेली बघू दे, मग देवीने मला केव्हाही न्यावं.

यंदा मूठ वाढली आणि नेमका भागीरथीचा गुडघा बसला. ऑपरेशन झालं. रेल्वेचं नाव काढायचं नाही, असं डॉक्टरने बजावलं. आमची सून जयश्री बाळाला घेऊन माहेरी, नंदुरबारला. गोपाल पलसाण्याच्या डाइंगमध्ये पाळीवर, आणि तिथे फोन फाटकावरच काढून घेतात. घरात राहिलो आम्ही दोघं आणि माझा फोन.

गावाहून पुतण्या छगनचा निरोप आला: आप्पा, दिवे लागायच्या आत मूठ पडेल, काकूला व्हिडिओवर दाखवतो. झालं! भागीरथीने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं, नथ घातली, पाय लांब करून भिंतीला टेकून बसली. समोर गव्हाचा डबा, डब्याला टेकवून फोन. हाताला चाळा म्हणून मांडीवर सूप घेऊन गहू निवडू लागली. मूठ पडणार गावाला, आणि नटून बसली ही उधन्यात. मी हसलो नाही. म्हणजे तोंड दुसरीकडे करून हसलो.

दुपारी मी व्हिडिओचं ॲप उघडलं. पाटी आली: हे जुनं झालं, नवीन घ्या. बटण दाबलं. ॲप स्टोअर उघडलं आणि मिटलं. पुन्हा दाबलं. उघडलं, मिटलं. नुसता भाव विचारून जाणारी बाई दुसऱ्यांदा दुकानात शिरली की रिंग रोडवरचा साडीवाला शेठ कसे डोळे मिटून घेतो, अगदी तसं!

भागीरथीने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, गरम होतोय. लूमही पहिल्या पाळीला कुरकुरतो.

शेजारच्या उज्ज्वलाबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी आपला फोन पुढे केला. म्हणाल्या, काका, माझ्यावरून लावा, मला संध्याकाळपर्यंत काम नाही. आता तुम्हीच सांगा, ज्याने सबंध खातं चालवलं त्याच्या घरात फोन उसना आणायचा? मी म्हटलं, बाई, मास्तरच्या घरी मिस्त्री बोलवत नाहीत. त्या बिचाऱ्या फोन घेऊन परत गेल्या. भागीरथीने त्यांच्या पाठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि सुपातला एक खडा जरा जोरातच बाहेर फेकला.

दगाला ठाऊक आहे, धोट्यातला धागा तुटला आणि लूम थांबला तर शिकाऊ माणूस लूमला लाथ घालतो. मास्तर तसं करत नाही. मास्तर हाताने चाक मागे फिरवतो, सावकाश, कापड जिथे चांगलं होतं तिथपर्यंत नेतो आणि मग चालू करतो. कापडावर डाग नाही, रेघ नाही. यंत्र कुठलंही असो, नियम एकच. तर मीही फोनवर थोडी मास्तरकी केली. काय केली ते विचारू नका, धंद्याचं गुपित आहे.

आणि त्यानंतर फोनला काय झालं देव जाणे! आधी एकटं ॲप स्टोअर मिटत होतं, आता ज्याला हात लावावा ते मिटायला लागलं. बातम्या मिटल्या. हवामान मिटलं. भजनं लावली, तर टाळ वाजायच्या आत मिटली. मध्येच काचेवर इंग्रजीत लांबलचक पाटी यायची. मी ती वाचली नाही. आयुष्यभर यंत्राच्या नुसत्या आवाजावरून रोग ओळखणारा माणूस पाट्या वाचत नसतो. आली की बंद करायचो. ती पुन्हा यायची. शेवटी तिचा आणि माझा हट्टच लागला.

कहर पुढे झाला. फोन टिंग वाजला आणि म्हणाला, उद्या लक्ष्मीपूजन! भागीरथी म्हणाली, श्रावणात लक्ष्मीपूजन कुठलं? मी म्हटलं, फोनला भ्रम झालाय, म्हातारा झालाय. ती म्हणाली, फोन का?

किसनराव, हसू नका. पुढे रडायचं आहे.

मी जयश्रीला फोन लावला. साधं बोलणं तेवढं चालू होतं. सून शिकलेली, माझ्याशी अदबीने बोलणारी. म्हणाली, आप्पा, सेटिंगमध्ये जा. मी फोन कानावरून काढून सेटिंगमध्ये गेलो, तोवर तिने पुढचं सांगून टाकलं. फोन कानाला लावला तर ती विचारत होती, दिसलं का? मी पुन्हा बघायला गेलो, ती पुन्हा बोलून मोकळी. कान ऐकतोय तर डोळा आंधळा, डोळा बघतोय तर कान बहिरा. पाठीमागे योगराज रडत होता. त्या पोराला बिचाऱ्याला काय माहीत, आपण भाऊबंदांत यायचं एका काचेवर अडलंय.

जयश्री म्हणाली, जागा कमी असेल, नको ते काढून टाका. मी काढलं. लोकांनी पाठवलेले सुप्रभात काढले, दगाचा डोळे मिटलेला फोटो काढला, गोपालच्या लग्नाची वरात काढली. फोन तसाच. मग ती म्हणाली, आप्पा, काही काही वेळा ॲप काढून टाकून परत घ्यावं लागतं, पण आधी तुमचं ॲप स्टोअर...

त्यातलं 'काढून टाकून' एवढं मला ऐकू आलं. 'पण'च्या वेळी फोन डोळ्यांसमोर होता.

मी व्हिडिओचं ॲप काढून टाकलं. बोट ठेवलं, गेलं. मग ते परत घ्यायला निघालो, आणि मंडळी, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ॲप परत मिळणार ॲप स्टोअरमध्ये, आणि ॲप स्टोअर तर मिटलेलं! घराची किल्ली घरातच ठेवून दार ओढून घ्यावं, तसं झालं. आधी जुनं का होईना, ॲप तरी होतं. आता तिथे नुसतं निळं आकाश दिसत होतं.

या हातांनी मी पेटलेल्या मोटारी विझवल्या आहेत. एकदा तापी खात्यात शिरली तेव्हा एका खांद्यावर लूम आणि एका खांद्यावर शेठ घेऊन माळ्यावर चढलो आहे. पण असे हात टेकले नव्हते कधी.

छगनचा साधा फोन आला. आप्पा, सगळे जमलेत, आई सुपापाशी बसलीय, तुम्ही का दिसत नाही? मी म्हटलं, थांबव. तो म्हणाला, आप्पा, सूर्य कसा थांबवू?

भागीरथीने ते ऐकलं. म्हणाली, दिसत नाही तर नसू दे. फोन इथेच ठेवा. छगन नाव घेईल ते नुसतं ऐकते. मूठ सुपात पडल्याचा आवाज येतो, तो ऐकते.

मी म्हटलं, ऐकायचं कशाला, दाखवतोच तुला! आणि फोन उचलून निघालो. ती मागून काहीतरी म्हणत होती. मी तोवर गल्लीच्या टोकाला होतो.

मेन रोडवर नितीनचं मोबाइलचं दुकान आहे. पोरगं आपल्याकडचंच, पण जन्म सुरतेचा, म्हणून बोलणं गुजराती. दुकानात ही गर्दी! एकाची काच फुटलेली, एकाचा फोन पाण्यात पडलेला, एक बाई तर फोन म्हशीने चाटला म्हणून आलेली. मी ओरडून सांगितलं, माझ्या नातवाची मूठ पडतेय! कोणाला काही कळलं नाही, पण लोक बाजूला झाले. नातवाचं काही पडतंय म्हटल्यावर कोण आडवं येणार?

नितीनने फोन हातात घेतला. बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

"काका, आ कोणे कर्युं?"

मी म्हटलं, कोणी केलं काय, भुताने. तो दोन्ही डोळे मिटून कानबाईचं नाव पुटपुटला, काचेवर एक फुंकर मारली, आणि खोटं सांगत असेन तर जीभ झडो, फोन उजळला! ॲप स्टोअर उघडलं आणि उघडंच राहिलं. ॲप आपल्या पायांनी चालत जागेवर येऊन बसलं. मी तसाच पळत सुटलो. रिक्षा थांबल्या, हातगाड्या थांबल्या, लाल सिग्नल मला बघून हिरवा झाला. या वयात! चप्पल एक इकडे, एक तिकडे.

तिकडे गावाला थोरल्या वहिनींनी, छगनच्या आईने, मूठ भरली होती आणि हात हवेत तसाच अडकला होता. लोक खाली ओढताहेत, पण हात येईना! देवीनेच धरून ठेवला होता. मी घरात शिरलो, फोन भागीरथीच्या मांडीवर ठेवला, आणि त्याच क्षणी छगन म्हणाला, योगराज गोपाल! हात सुटला. मूठ पडली. भागीरथीने पाहिली. डोळ्यांतून अशा धारा लागल्या की मला वाटलं, पुन्हा तापी शिरते. आणि मंडळी, आता खिशाकडे बघा. ती मूठ पडताना फोनच्या काचेतून टणकन एक दाणा उडाला आणि थेट माझ्या तळहातावर येऊन पडला!

हा बघा. हाच तो दाणा.

किसनरावांनी तो दोन बोटांत धरला आणि कपाळाला लावला. बाकीचेही तो बघायला पुढे सरकले. दर वेळी माझ्या गोष्टीत खोट काढणारा दगाही मान पुढे करून बघत होता. मी पाठ जरा ताठ केली.

मागे उंबऱ्यात भागीरथी बसली होती, पाय लांब करून, मांडीवर सूप. मला वाटलं होतं, ती आत आहे.

"किसनभाऊ, तो दाना इकडे टाका," ती म्हणाली. "मन्हा सुपमाधला शे."

किसनरावांनी दाणा कपाळावरून खाली घेतला. दगाने घसा खाकरून विचारलं, मग वहिनी, फोनला झालं होतं तरी काय?

"काय व्हनार? जरासं अडकेल व्हतं. यासनी लूमनं चाक फिरावतस तशी फोननी तारीख मांगे फिरावी, पार मांगली दिवाळीले. आन् कोनले सांगं नही. नितीन काल घर येल व्हता, त्यानीच सांगं."

"म्हणजे तो सारा गोंधळ मास्तरांनी तारीख फिरवल्यामुळे?" किसनराव म्हणाले. मग माझी कीव येऊन असेल, त्यांनी घाईघाईने विचारलं, "पण मूठ तर बघायला मिळाली ना, वहिनी?"

भागीरथीने सूप हलवलं. गहू एका बाजूला गेले, कोंडा एका बाजूला.

"मूठ पडनी तवय फोन यासना खिसामा व्हता, आन् मास्तर दुकानमा," ती म्हणाली. "मी देखी नही. आयकी बी नही."