भलताच खुनी

विसूअण्णांनी रहस्यकथा परत केली, की त्यातला खुनी कोण हे अर्ध्या भिंगारला कळायचं. वाचनालयाच्या पायरीवर वहाणा काढतानाच त्यांचा निकाल सुरू व्हायचा. "खून भाच्यानं केला म्हणे! साफ चूक. खुनी मुनीम पाहिजे. लेखकानं भलताच माणूस धरलाय." एवढं म्हणून ते पुस्तक टेबलावर आपटत आणि चिमूटभर तपकीर ओढत.

अण्णा नगरच्या कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. जन्मभर दुसऱ्यांचे निकाल लिहिले, आता स्वतःचे देत होते. एकाही लेखकाला त्यांनी निर्दोष सोडल्याचं मला आठवत नाही.

अर्थशास्त्राच्या पुस्तकांशी तर त्यांचं उभं वैर. ती ते आवर्जून नेत आणि शिव्या घालत परत आणत. एका नव्या पुस्तकाचं आम्ही सगळे कौतुक करत होतो. अण्णा म्हणाले, "घोर निराशा केली. दुसऱ्याच पानावर गुळाच्या व्यापाऱ्याची गंमत सांगितलीय. माणूस खडबडून जागा होतो! याला काय अर्थशास्त्र म्हणायचं?" म्हातारा चळला, असं आमचं एकमत झालं.

ते लढाईचे दिवस होते. कागदाची टंचाई, नवी पुस्तकं येईनात. एखादी रहस्यकथा आलीच तर लोक नंबर लावून बसायचे, आणि अण्णा पायरीवरच तिचा निकाल लावायचे. वाचनालयाचा शिपाई सखाराम रडकुंडीला यायचा.

"अन्ना, तुमी खुनी सांगून टाकला. आता ह्ये बुक कोन नेनार? वाळवी?"

"मी खुनी सांगत नाही, सखाराम. मी लेखकाची चूक सांगतो."

एकदा मात्र आमचे अध्यक्ष, वकीलसाहेब, नंबर लागला म्हणून हात पुढे करून उभे असतानाच अण्णांनी निकाल दिला. वकीलसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. लगेच कमिटी बसली. ठराव झाला की यापुढे अण्णांना घरी पुस्तक द्यायचं नाही, काय वाचायचं ते इथे बसून वाचावं. मी शाळामास्तर आणि कमिटीचा चिटणीस, तेव्हा हे सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

मला वाटलं, अण्णा कायद्याचा कीस पाडतील. त्यांनी एवढंच विचारलं,

"इथे बसून? घरी न्यायचंच नाही?"

"नाही, अण्णा."

ते उठून गेले. तपकिरीची डबी टेबलावरच राहिली.

त्यांच्याकडे दोन पुस्तकं होती, ती आणायला आणि डबी द्यायला मी रविवारी दुपारी त्यांच्या घरी गेलो. बाजारामागची बोळ, दार उघडंच. आत खाटेवर अण्णांच्या पत्नी, आमच्या काकू, पडलेल्या. त्या घराबाहेर पडत नाहीत एवढंच मला ठाऊक होतं. डोळ्यांवर पांढरी सायच धरली होती आणि हातापायांची बोटं संधिवातानं वाकडी झालेली. अण्णा शेजारी बसून मोठ्यानं रहस्यकथा वाचत होते. मी उंबऱ्याशीच थांबलो.

"थांबा," काकू म्हणाल्या. "मी सांगते. तो स्वयंपाकी! पहिल्यापासून त्याचं लक्षण मला ठीक दिसत नाही."

ती कथा मी वाचली होती. खून डॉक्टरनं केला होता. अण्णा खाकरले आणि पानाकडे बघत वाचू लागले, "तेवढ्यात स्वयंपाक्याच्या हातची पळी गळून पडली. तो ओक्साबोक्शी रडत म्हणाला, होय साहेब, मीच तो पापी!"

पुस्तकात पळीचं नावही नव्हतं.

काकूंनी वाकड्या बोटांनी टाळी वाजवली. "बघा! मी म्हटलं नव्हतं? लेखक हुशार आहे हो."

"आहे खरा," अण्णा म्हणाले.

"आता ते दुसरं वाचा. पाय फार ठणकताहेत."

अण्णांनी अर्थशास्त्र उघडलं आणि आयातीवरच्या जकातीबद्दल एका सुरात वाचायला लागले. पान संपायच्या आत काकूंना झोप लागली. मान वर करताच अण्णांना मी दिसलो. ओठांवर बोट ठेवून ते उठले आणि दोन्ही पुस्तकं माझ्यापुढे धरली.

"न्या," ते हळूच म्हणाले. "उद्यापासून बंद, हे तिला अजून सांगितलेलं नाही."

 मी त्यांच्या हातात डबी ठेवली, पुस्तकं घेतली आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या नावावर एक रहस्यकथा काढली आणि कपाटातला सर्वांत जाड अर्थशास्त्राचा ग्रंथ.

सखाराम म्हणाला, "मास्तर, ह्ये कशाला? लई रटाळ हाय म्हनत्यात."

"म्हणूनच दे."

संध्याकाळी दोन्ही पुस्तकं अण्णांच्या दारात त्यांच्या हाती दिली. "खुनी बदललात तर फक्त मला सांगा," मी म्हटलं.  मग त्यांनी जाड ग्रंथ उघडला, उभ्या उभ्या अर्धं पान वाचलं आणि भली मोठी जांभई दिली.

पुस्तक छातीशी धरून ते म्हणाले, "उत्तम ग्रंथ आहे हो."