दोन बाजार आणि एक लाल काच

तुलना न करता घेतलेल्या वस्तूला सुजाण माणसं खरेदी म्हणत नाहीत, अपघात म्हणतात. म्हणूनच आमच्या पेनसिल्व्हेनियात जुन्या मोटारींच्या सुट्या भागांचे बाजार दोन भरतात, एक वसंतात आणि एक पानगळीत. एकच भरला असता, तर लोकांनी तिथे वस्तू विकत घेतल्या असत्या.

वसंतातल्या बाजाराचा चिखल नावाजलेला आहे. पानगळीत तळलेले फनेल केक सरस, पण गंजाचा दर्जा घसरलाय, असं जाणकारांचं मत. (गंज दोन्हीकडे त्याच दुकानदारांचा असतो.) येणाऱ्या दर दहांतले नऊ जण तुलना करायला येतात, दहावा आपली गाडी कुठे लावली ते शोधत असतो.

व्हर्जिल होस्टेटर हे या क्षेत्रातले ज्येष्ठ. त्यांची जुनी हडसन मोटार इंजिनासकट तयार आहे. उणी फक्त मागच्या डाव्या दिव्याची लाल काच. लग्न लागल्यावर अर्लीनबाई याच गाडीतून घरी आल्या होत्या. काच दरवर्षी दोन्ही बाजारांत सापडते. पण पहिल्या फेरीत काही घ्यायचं नाही, हा इथला शिरस्ता. दुसऱ्या फेरीपर्यंत काच गेलेली असते आणि शिरस्ता अबाधित राहतो.

"व्हर्ज, एकदा तिच्यातून फिरव मला," यंदा अर्लीनबाई म्हणाल्या. "मग डोळे मिटले तरी चालतील."

"म्हणून तर घाई करत नाही, राणी."

वसंतातल्या बाजाराला व्हर्जिल पहाटेच गेले. अर्लीनबाई मागाहून शेजाऱ्याच्या ट्रकातून आल्या. पहिल्याच दुकानात त्यांनी काच घेतली, तीही घासाघीस न करता. (दुकानदाराला बसावं लागलं.) घरी जाऊन त्यांनी दोन स्क्रू पिळले आणि दुपारी हडसन चालवत पुन्हा बाजारात हजर झाल्या.

व्हर्जिलनी आधी मागचा दिवा पाहिला. वाकून, मायेने.

"आमच्याकडे अशीच आहे," ते म्हणाले. "पण ही पूर्ण आहे. विकायचीय का?"

"बस आत, येड्या."

व्हर्जिलनी आधी बायको ओळखली, मग गाडी.

"काच कुठे मिळाली?"

"पहिल्याच दुकानात. बसतोस की जाऊ?"

"थांब ना. पानगळीतला बाजार बघून सांगतो."

गाडी गेली. डावा दिवा छान लागत होता.

वसंतातला बाजार खालावला, हा व्हर्जिल यांचा निष्कर्ष आता सर्वमान्य आहे: हल्ली तिथे लोक वस्तू घेऊन जातात.

वाचकहो, तुम्ही हसलात, बरं वाटलं. तुम्हालाही कुणीतरी एकदा फिरवून आण म्हणालं होतं. त्यांना काय सांगितलंत, तेवढं आठवून पाहा. घाई नाही.