गावंडे सरांचा एकशे पंचावन्नचा क्रँक

गावंडे सर नव्या माणसाला आधी नाव विचारत नाहीत, टांगेचं माप विचारतात. अमरावतीच्या या कॉलनीत मी राहायला आलो त्या दिवशी ट्रकमधून सामान उतरत होतं. आधी माझी वकिलीची पाटी उतरली, मग बारीक टायरांची नवी कोरी रोड बाईक. फाटकाशी उभे असलेले हे सहा फुटी गृहस्थ सायकलीकडे बघत होते, मग माझ्या पायांकडे. म्हणाले, "वकीलसाहेब, टांग किती भरते तुमची?" उलटतपासणी घेण्यात माझी हयात गेली, पण असा प्रश्न मी कुणालाच कधी विचारला नव्हता.

पाच मिनिटांत मी माझ्याच नव्या घरात भिंतीला पाठ लावून, दोन पायांमध्ये फौजदारी कायद्याचं जाड पुस्तक धरून उभा होतो. सर तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी तीन वेळा माप घेतलं, सरासरी काढली, पट्टीचं टोक झिजलंय म्हणून अर्धा मिलिमीटर वजा केला आणि निकाल दिला, "तुमचा क्रँक लांब हाय."

क्रँक म्हणजे ज्याच्या टोकाला पायडल बसतं तो दांडा. दोन क्रँकच्या लांबीत फरक असतो तो दोन-पाच मिलिमीटरचा. एवढ्याशा फरकावर सरांनी जगातली निम्मी दुखणी लादली होती. चिखलदऱ्याच्या घाटात दम लागला, क्रँक लांब. माणूस चिडका निघाला, क्रँक लांब. मी एक सोपी केस हरून आलो तेव्हाही त्यांनी आधी माझ्या सायकलीकडे पाहिलं. शेवटी त्यांनी माझा क्रँक बदलायला लावलाच.

"फरक पडला न?" ते रोज विचारायचे.

"काहीच नाही, सर." मी रोज खरं ते सांगायचो. या बाबतीत मी त्यांना कधी सूट दिली नाही.

"पडन, पडन."

हे वेड लागलं कुसुमकाकूंमुळे. पूर्वी दोघं नवरा-बायको रोज सकाळी बडनेऱ्यापर्यंत सायकलने जायचे. काकू जेमतेम पावणेपाच फुटांच्या. त्यांचा गुडघा दुखायला लागला, डॉक्टरांनी सायकल बंद केली, आणि त्याच वर्षी पुण्यात मुलाला मुलगी झाली. काकू तीन महिन्यांसाठी म्हणून गेल्या. आता ती नात पहिलीत आहे. सरांचा पुण्यात जीव रमत नाही. दोनदा गेले आणि आठवड्यात परत आले. तेव्हापासून एकट्यापुरता कुकर लावतात.

सरांचं प्रमेय सरळ होतं. क्रँक लांब म्हणून गुडघा दुखला, गुडघा दुखला म्हणून सायकल सुटली, सायकल सुटली म्हणून अमरावती सुटली. "तुमच्या काकूचा गुडघा खराब नव्हता, वकीलसाहेब. माप खराब होतं. बरोबर क्रँक बसला का येते ते वापस." पुण्यात नात आहे, हे मी एकदा बोलून पाहिलं. ते त्यांना ऐकू गेलं नाही.

बाकीचंही त्यांना कमीच ऐकू येतं, त्यामुळे फोन नेहमी स्पीकरवर, आणि संभाषण अख्ख्या कॉलनीला.

"भिंतीले टेकून उभी राय. पायात जाड पुस्तक धर. मंग माप सांग मले."

"सूनबाईसमोर मी पायात पुस्तक धरून उभी राहू? तुमाले काही वाटते का जी?"

अखेर सरांनी कपाटातून काकूंचा जुना परकर काढला, टेबलावर पसरला आणि पट्टीचं एक टोक मला धरायला लावलं. तीन मापं, सरासरी, अमुक वजा, तमुक वजा. उत्तर आलं एकशे पंचावन्न मिलिमीटर. पट्टी उचलल्यावरही ते परकराच्या चुण्या हाताने सरळ करत राहिले, मग जुन्याच घड्यांवर घडी घातली. मला तिथे उभं राहणं अवघड झालं.

इतका आखूड क्रँक अमरावतीत मिळेना. सर बसने अकोल्याला गेले आणि एका लेथवाल्याकडून मोठे क्रँक कापून, नवे आटे पाडून घेऊन आले. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे लेथवाल्याला माहीत नव्हतं. त्याने दोन्हीकडे उजवेच आटे पाडले आणि दोन्हीकडे उजवंच पायडल बसवून दिलं. जन्मभर स्क्रू शिकवलेल्या सरांच्याही ते ध्यानात आलं नाही. काकूंच्या जुन्या सायकलीला ते क्रँक लावून स्वतः चाचणीला निघाले, आणि बडनेऱ्याच्या अलीकडे डावं पायडल फिरत फिरत गळून पडलं. त्या ठेंगण्या सायकलीवर एका पायाने पायडल मारत सर घरी आले, तेव्हा लोक घरातून बाहेर येऊन बघत होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा अकोला.

यंदा अकोल्यात भाचीचं लग्न निघालं आणि काकू दोन दिवस अमरावतीत आल्या. सकाळी कॉलनीच्या मैदानावर त्या पंजाबी ड्रेस घालून सायकलीवर बसल्या. एक फेरी, दोन, तीन. सर वाकून बाजूने पळत होते, नजर काकूंच्या गुडघ्यावर.

"खरंच नाही दुखत हो," काकू उतरून म्हणाल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता, हसू मावत नव्हतं. इतकी वर्षं मी ज्या शास्त्राची टिंगल केली ते शंभर टक्के बरोबर निघालं होतं.

"मंग उद्या बडनेऱ्यापर्यंत जाऊ," सर म्हणाले.

"उद्या तं माही गाडी हाय न. सोमवारपासून पोरीची शाळा." काकूंनी सायकलीच्या सीटवरून हात फिरवला. "लय छान बसवली तुमी."

दुसऱ्या दिवशी दुपारी मीच दोघांना माझ्या कारने बडनेरा स्टेशनला नेलं. गाडी गेली. परतताना सर खिडकीबाहेर बघत होते. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून मी रस्त्याकडे बघत होतो.

"वकीलसाहेब," ते म्हणाले, "पाच एमएम लांब झाला तो. दीडशे पायजे होता."

"हो सर," मी म्हणालो. "दीडशेच पाहिजे होता."

"मंग अकोल्याले जा लागते."

"रविवारी जाऊ," मी म्हणालो. "मी येतो संगं."