सुपाआडचा राक्षस

त्या रविवारी राक्षसाला मोठ्यानं बोलू द्यायचं, एवढंच प्रियदर्शनीनं ठरवलं होतं. बाकी जे झालं ते तिनं ठरवलेलं नव्हतं. (तसं तिनं ठरवल्याप्रमाणे आयुष्यात फारसं काही झालेलंच नव्हतं, पण तो विषय वेगळा.)

कारण झालं होतं शिलाची जांभई. शिला गोरेगावात त्यांच्या शेजारीच राहायची, गावच्याच शाळेत मास्तरीण होती आणि दर रविवारी रंगणाऱ्या गोष्टीच्या खेळात सगळ्यांत शूर तलवारवाली. मागच्या रविवारी ऐन लढाईत तिनं आ वासला आणि वर तोंडावर सांगितलं, "राग नका मानू वहिनी, पण तुमचा हा राक्षस मला झोपवून राहिला."

झोपवणारच! घरात दीड वर्षाची मुक्ता झोळीत झोपलेली. ती उठू नये म्हणून प्रियदर्शनीचे सगळे राक्षस, दरोडेखोर आणि वेताळ गेले कित्येक महिने कुजबुजत होते. "तुमची हाडं चघळीन," असं कुणी कानात हळूच सांगितलं, तर माणूस घाबरेल की पांघरूण ओढून घेईल?

आणि हीच प्रियदर्शनी सत्त्याण्णव साली नांदेडच्या हॉस्टेलवर 'कर्दनकाळ' म्हणून ओळखली जायची! तिच्या खोलीतल्या मुलीच्या भावानं बेंगळुरूहून हा खेळ आणला होता. नियमांच्या झेरॉक्स, त्याही फिकट, आणि वीस बाजूंचा एक फासा. खेळ साधा. एकीनं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीत शिरायचं. समोर दरी आली की "मी उडी मारते" म्हणायचं, आणि उडी साधली की कपाळमोक्ष झाला ते फाशानं ठरवायचं. आकडा मोठा तर फत्ते, लहान तर गेलात. गोष्ट सांगायचं काम प्रियदर्शनीकडे होतं. तिनं एकदा राक्षसिणीचा आवाज काढला तेव्हा कबड्डीत विद्यापीठाकडून खेळलेली उदगीरची पोरगी कॉटखाली गेली होती आणि मेसची घंटा होईपर्यंत बाहेर आली नव्हती.

आता लोक तिला 'मुक्ताची आई' म्हणत. आणि तीही, कुणी काही विचारायच्या आत, मुक्ताची सर्दी पिवळी आहे की पांढरी ते सांगून मोकळी व्हायची.

लग्नात तिनं तो फासा कुंकवाच्या डबीत घालून सासरी आणला होता. मुक्ताला पहिला दात आला तेव्हा जीव रमवायला तिनं खेळ पुन्हा मांडला. खेळायला शिला, मेडिकलवाला दिपक आणि नवरा विजयकुमार. विजयकुमार पंचायत समितीत कारकून होता आणि खेळात जादूगार. जादू करायच्या आधी तो प्रत्येक वेळी "वरून परवानगी लागते का?" असं विचारायचा.

सामान घरातलंच. गुहेचा नकाशा कागदावर काढला तर विजयकुमार वाट चुकायचा आणि खाडाखोड व्हायची, म्हणून प्रियदर्शनी तो फरशीवर रांगोळीनं काढायची. वीर म्हणजे सुपाऱ्या. राक्षसाची फौज म्हणजे ज्वारीचे दाणे. राक्षसाचा फासा किती पडला ते कुणाला दिसू नये म्हणून प्रियदर्शनीसमोर सूप उभं केलेलं. (सुपाआड राक्षसाचा घाव बसला तरी ती "हुकला!" म्हणायची. त्यामुळे आजवर कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं.) रांगोळी, सुपाऱ्या, ज्वारी, सूप, मधोमध बसलेली बाई. हे सगळं खिडकीतून कसं दिसत असेल, याचा विचार बी.एस्सी. झालेल्या माणसानं करायला हवा होता.

पण तिच्या डोक्यात दुसरंच होतं. शिलाची बदली झाली होती थेट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, हट्ट्याला. सोमवारी सकाळी जीप. म्हणजे हा शेवटचा रविवार, शेवटची गुहा, शेवटचा राक्षस. शिलानं जाताना जांभई आठवत जायचं नाही, हे प्रियदर्शनीनं पक्कं केलं. काहीही होवो, आज शिला भ्यायलीच पाहिजे.

दुपारी लाइट गेलेली, म्हणून खिडक्या सताड उघड्या. कोपऱ्यात सासूबाई, पार्वतीबाई, तूरडाळ निवडत होत्या. एवढी मोठी माणसं सुपाऱ्या सरकवतात हे त्यांना कधीच पटलं नव्हतं. "खायच्या तरी," एवढंच त्या अधूनमधून म्हणत.

प्रियदर्शनीनं डोळे मिटले, पोटातून हवा ओढली आणि सोडली.

"कोऽऽण आलंय माझ्या दारात?"

दिपकच्या हातातलं बिस्कीट चहात बुडालं ते बुडालंच. विजयकुमार "आई!" म्हणाला. पार्वतीबाईंची डाळ उडाली.

झोळी हललीसुद्धा नाही. प्रियदर्शनी उठली, मुक्ताच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते पाहिलं, आणि परत येऊन राक्षस झाली.

"आमी तिघं आलो महाराज," शिला म्हणाली. तिच्या आवाजात जांभई नव्हती. "वाट चुकलोय."

"इथं आलेला वापस जात न्हाऽऽई!"

नेमकी पहिल्या आरोळीपासूनच पलीकडच्या गल्लीतली रुक्माबाई खिडकीशी उभी होती. तिची म्हैस कालपासून हरवली होती आणि ती गावभर विचारत फिरत होती. तिनं रांगोळी पाहिली, सूप पाहिलं, तो आवाज ऐकला आणि चपला तिथंच टाकून घरी पळाली.

ती आली ते नारळ घेऊनच. मागं आणखी दोघीतिघी. रुक्माबाईनं उंबऱ्यातच डोकं टेकलं.

"माय, माझी म्हैस कुठं हाय तेवढं सांग."

"मावशी, अहो हा खेळ आहे!" प्रियदर्शनी आपल्या आवाजात म्हणाली.

"व्हय माय. खरं असतंय ते कधी व्हय म्हणत न्हाई."

"आई, तुम्ही तरी सांगा ना!"

पार्वतीबाईंनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा दारातल्या बायांकडे. इतक्या बाया आपल्या दारात त्यांच्या सत्यनारायणालासुद्धा आल्या नव्हत्या. "मला पैल्यापासून वाटतच व्हतं," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "चपला बाहेर काढा गं. एकेकीनं या."

"आई!"

"तू तुझं कर. तकलीफ घेऊ नको."

विजयकुमार कुजबुजला, "थांबवायचं का? गावात बोभाटा होईल आपला."

शेजारी शिलाचं सामान बांधून तिच्या दारात पडलेलं. पुन्हा असा रविवार नाही. प्रियदर्शनीनं सूप सरळ केलं. "थांबायचं नाही. मावशी, बसा. आधी या तिघांचं होऊ द्या."

"बराबर. नंबरानंच," म्हणत रुक्माबाई मांडी घालून बसली.

मग गुहेत जी जुंपली! दिपकचा पाय घसरला, विजयकुमारची जादू मंजुरीअभावी अडकली. शिला एकटी पुढं गेली. राक्षसानं हात उगारला. प्रियदर्शनीनं सुपाआड फासा टाकला.

वीस.

"हुकला" हा शब्द तिच्या ओठांवर आलाच होता. शिला उद्या जाणार, बिचारी, कशाला... पण मग तिला जांभई आठवली. तिनं दात आवळले आणि सूप आडवं पाडलं. सगळ्यांनी वीस पाहिला.

"शिला," ती म्हणाली, "त्यानं तुला मुठीत धरलंय. आणि मूठ आवळतोय."

शिलाचे डोळे केवढे तरी झाले. "सोडवा की मला! भाऊजी, काहून बसून राहिले? टाका की फासा!"

विजयकुमारनं टाकला, दोन. दिपकनं टाकला, तीन. प्रियदर्शनीनं पोटातून असं हसू काढलं की दारातल्या बायांनी एकमेकींचे पदर धरले. शिलानं स्वतःची सुपारी उचलून पदराखाली लपवली.

"म्हशीचं राहू द्या!" रुक्माबाई ताडकन उठली. "आधी मास्तरणीला सोड रे बापा! हिच्यामुळं माझ्या नातवाला पाढे येऊन राहिले!" आणि कुणी काही म्हणायच्या आत तिनं उंबऱ्यावर नारळ फोडून दोन्ही वाट्या रांगोळीच्या मधोमध ठेवल्या. पाणी राक्षसाच्या फौजेवरून वाहिलं.

सगळे प्रियदर्शनीकडे बघू लागले. नियमांच्या झेरॉक्समध्ये नारळाचं काहीच नव्हतं. पण एक नियम होता: गोष्टीत जो कुणी काही करेल, त्याचं फळ फासा ठरवेल.

"मावशी," ती खर्जात म्हणाली, "फासा टाका."

रुक्माबाईनं फासा कपाळाला लावला आणि सोडला. तो सुपाऱ्यांतून, ज्वारीतून, नारळाच्या पाण्यातून घरंगळत गेला.

एकोणीस.

"सोऽऽडलं!"

शिला किंचाळली, मग हसली, मग पदरानं डोळे पुसू लागली. पार्वतीबाई खोबऱ्याचे तुकडे करून वाटू लागल्या. क्षणभर घर अगदी शांत झालं.

आणि त्या शांततेनं मुक्ता उठली! एवढा गदारोळ ढाराढूर झोपून काढलेली ही पोरगी, घर गप्प होताच भोकाड पसरून बसली. प्रियदर्शनी धावली. घाईत आवाज बदलायचा राहूनच गेला.

"काऽऽय झालं गं?" राक्षस म्हणाला.

मुक्तानं एक सुस्कारा सोडला आणि पुन्हा झोपली. म्हणजे इतके महिने आपण कुजबुजलो ते कुणासाठी, हा प्रश्न प्रियदर्शनीनं त्या वेळी तरी स्वतःला विचारला नाही.

सोमवारी सकाळी स्टँडवर जीप भरत होती. शिलानं खिडकीतून हात बाहेर काढून प्रियदर्शनीचा हात धरला. "खरं सांगू वहिनी? काल मी लई भ्याले."

प्रियदर्शनीला वाटलं, हॉस्टेल सोडल्यापासून आपल्याला इतकं छान कुणीच काही बोललं नाही. तिची मान ताठ झाली. तेवढ्यात मागून रुक्माबाई आली.

"सूनबाई, म्हैस आली बरं का."

"अरे वा! कुठं सापडली?"

"सापडायला काय, आपली आपण आली रातच्याला. एक सांगू का? राग नका मानू." रुक्माबाईनं आवाज खाली घेतला, पण तो जीपमधल्या सगळ्यांना ऐकू येईल इतपतच. "तुमच्यात येतंय ते आवाजाला लई भारी हाय. पण कच्चं हाय. एका नारळात सुटलं की! खरं असतं तर कोंबडं मागितलं असतं. अन् मी खिडकीतून पाहत होते ना, मधीच उठून लेकराच्या नाकाला बोट लावून आलं. असं करतंय का कोणतं भूत?"

जीपमध्ये खसखस पिकली. शिलासुद्धा तोंडावर पदर घेऊन हसत होती. प्रियदर्शनी पेटली. आता इथंच, भर स्टँडवर, असा आवाज काढते की जीपची काच तडकली पाहिजे! तिनं पोटातून हवा ओढली, छाती भरली, तोंड उघडलं.

"मावशी," ती म्हणाली, "म्हशीनं चारा खाल्ला ना नीट?"

"बघा!" रुक्माबाई जीपकडे वळून म्हणाली.