सतरा तारखेची हवा

पुंजारामने पेटी तराजूत ठेवली, वजन बघितलं आणि पुन्हा एकदा बघितलं. सकाळी पुण्याहून पुढच्या आठवड्यासाठी रिकाम्या बाटलीची पेटी आली होती. तिचं वजन जेवढं, तेवढंच या भरलेल्या बाटलीच्या पेटीचं. आठ महिने तो हे बघत होता आणि आठ महिने ते त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं.

“गुरुजी, आत काय हाये म्हून लिहू?”

“हवा.”

“हवा तर माझ्या ह्या रिकाम्या डब्यात बी हाये.”

“ती साधी. ही शास्त्रीय हाये,” असं म्हणून भुजंग गुरुजींनी पावती खिशात घातली आणि ते शाळेकडे निघून गेले.

वाटूर फाट्यापासून सहा किलोमीटरवरच्या सावळखेड्याचा पुंजाराम पोस्टमास्तर. पोस्ट म्हणजे त्याच्याच घराची पुढची खोली. एक टेबल, एक तराजू आणि तारखेचा शिक्का. मधल्या दाराला पडदा आणि पडद्यामागे त्याच्या बायकोची, गोजरबाईची चूल.

एप्रिल शहाण्णवमध्ये पुण्याच्या एका संस्थेच्या शिवकन्या मॅडम जीपमधून गावात आल्या होत्या. जगात अशी कितीतरी ठिकाणं आहेत, त्यांनी सांगितलं, कुठे बर्फात, कुठे समुद्रातल्या बेटावर. तिथली हवा दर आठवड्याला काचेच्या बाटलीत भरून परदेशातल्या एका प्रयोगशाळेत जाते आणि वर्षानुवर्षं पृथ्वीच्या हवेत काय बदलत चाललंय, ते तिथे मोजतात. सावळखेड्यात कारखाना नाही, मोठा रस्ता नाही, म्हणून ते त्यांना फार आवडलं. कारखाना नसल्याबद्दल कौतुक करणारं माणूस गावाने पहिल्यांदाच पाहिलं.

काम गुरुजींकडे आलं. बाटलीतली हवा पुण्यातच ओढून काढलेली असायची. दर मंगळवारी दुपारी दोन वाजता गुरुजी शाळेच्या पटांगणात उभे राहत, वाऱ्याकडे तोंड करत, श्वास रोखत आणि हात उंच करून बाटलीची तोटी उघडत. ‘सुस्स’ आवाज करून हवा आत शिरे. तो आवाज ऐकायला गाव लोटायचं. बाटली भरून झाली की लोक टाळ्या वाजवत आणि गुरुजी हळूच शर्टाची कॉलर नीट करत.

त्या दिवशी, सतरा डिसेंबरला, पोस्टात कोणी नव्हतं. पुंजारामने पेटीकडे बघितलं. आपल्या गावची हवा सातासमुद्रापार जाते, म्हणजे तिच्यात काहीतरी असणारच. निदान वास तरी. त्याने पेटीचं झाकण उघडलं, बाटली बाहेर काढली, तोटी जराशी फिरवली आणि नाक लावलं.

काहीच वास नव्हता. त्याने तोटी आणखी फिरवली आणि मोठा श्वास घेतला. नेमक्या त्याच वेळी पडद्यामागे गोजरबाईने ठेच्यासाठी मूठभर मिरच्या तव्यावर टाकल्या. नाकात झोंबणारा धूर पडदा ओलांडून आला आणि पुंजाराम बाटलीच्या तोंडातच दणदणीत शिंकला. एकदा नाही, तीनदा.

“काय झालं वो?” गोजरबाईने डोकं बाहेर काढलं.

“माझी नोकरी गेली!” पुंजारामने घाईघाईने तोटी बंद केली. “ह्याच्यात गावची हवा व्हती. आता माझी शिंक हाये अन् तुझा ठेचा हाये.”

“मंग धुवून टाका की बाटली.”

“हवा कशी धुवू? पोस्टातली पेटी फोडली म्हून मला कायमचं घरी बसवतील! अन् गुरुजीचं नाव सगळ्या जगात खराब व्हईल ते येगळंच.”

गोजरबाईने जरा विचार केला. “सकाळी एक रिकामी आल्ती ना?”

पुंजारामने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. चार वाजत आले होते. पाच वाजता टपालाची थैली वाटूरला जायची. त्याने गुरुजींची तारखेची चिठ्ठी सोडवून नव्या बाटलीला बांधली, बाटली धोतरात गुंडाळली आणि मागच्या दाराने तो निघाला.

पटांगणात जाणं शक्य नव्हतं. गावात कुठेही थांबला असता तर चार माणसं विचारायला आली असती. म्हणून तो तुरीच्या रानातून थेट मुरमाड टेकाडावर चढला. तिथे झाड नाही, घर नाही, वाऱ्याशिवाय कोणी नाही. धापा थांबायची त्याने वाट बघितली. गुरुजी करायचे ते सगळं त्याला पाठ होतं. वाऱ्याकडे तोंड केलं, श्वास रोखला, हात उंच केला. तोटी अशी जोरात फुत्कारली की त्याला साप असल्यासारखं वाटलं आणि बाटली हातातून सुटता सुटता राहिली. तोटी बंद करून तो मागे सरला आणि मगच श्वास सोडला. पाच वाजता ती पेटी थैलीतून गेली.

राहिली शिंकेची बाटली. ती पुसून, रिकाम्या बाटलीच्या जागी त्याने गुरुजींना पोहोचवली. दुसरा काही इलाजच नव्हता.

पुढच्या मंगळवारी पटांगण नेहमीसारखं भरलं होतं. गुरुजींनी श्वास रोखला आणि तोटी फिरवली. आवाज आलाच नाही. त्यांनी पुन्हा फिरवली. गुरुजींचा चेहरा लाल व्हायला लागला.

“गुरुजी, श्वास तरी घ्या!” कोणीतरी ओरडलं.

“बाटलीत आधीच हवा हाये,” गुरुजी दम घेत म्हणाले.

“कुठली हवा?”

“पुण्याची असंल. तिथूनच आलीये.”

पुण्याची हवा म्हटल्यावर गर्दी पुढे सरकली. ज्याला त्याला वास घ्यायचा होता. सगळ्यांत आधी पहिल्या रांगेतली झुंबरबाई पोहोचली. तिने तोटीला नाक लावलं, डोळे मिटले आणि निकाल दिला, “आगं बाई! पुण्यात बी लोक ठेचाच खात्यात की!”

मागच्या रांगेत पुंजाराम पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभा होता.

गुरुजींनी त्याच दिवशी पुण्याला कळवलं की बाटली सदोष आली. त्यानंतर पुंजारामचं जेवणावरचं लक्ष उडालं. थैली उघडली की तो आधी पुण्याचा शिक्का शोधायचा. महिन्याभराने संस्थेचं पत्र आलं. लखोटा जाड होता. तो उजेडाकडे धरून बघायचाही त्याला धीर झाला नाही. जगात आता काहीही उघडून बघायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. तो स्वतः शाळेत गेला.

मधली सुट्टी होती आणि गुरुजी वर्गात एकटेच होते. त्यांनी पत्र वाचलं, खुर्चीत बसले, पुन्हा वाचलं.

“पुंजाराम, आठ महिन्यांचे नमुने वाया गेले रे.”

“काहून गुरुजी?”

“सगळ्या नमुन्यात माणसाचा श्वास मिसळलाय म्हणे. लई माणसांचा. मी माझा श्वास रोखून राह्यलो, पण भोवतालचे दीडशे लोक सोडूनच राह्यले व्हते ना! मॅडमनी लिहिलंय, असंच चाललं तर केंद्र बंद करावं लागंल.” मग त्यांनी पत्रावर बोट ठेवलं. “पण हे ऐक. ‘फक्त सतरा डिसेंबरचा नमुना अत्यंत निर्दोष आहे. त्या दिवशी वापरलेली पद्धत तंतोतंत पुढे चालू ठेवावी.’ आता मला सांग, सतरा तारखेला मी येगळं काय केल्तं? मला काहीच आठवून नाही राह्यलं.”

पुंजारामला गप्प राहता आलं असतं. पण गुरुजी इतक्या केविलवाण्या चेहऱ्याने आठवायला लागले होते की त्याला ते बघवेना.

“तुम्ही काही नव्हतं केलं गुरुजी. म्या केल्तं.” आणि त्याने वजनापासून शिंकेपर्यंत आणि शिंकेपासून टेकाडापर्यंत सगळं सांगून टाकलं.

गुरुजी ऐकत राहिले. आधी त्यांच्या भुवया वर गेल्या, मग ते उठून खिडकीशी उभे राहिले. त्यांचे खांदे हलायला लागले. रडतात की काय, असं पुंजारामला वाटलं. ते हसत होते.

“पुण्यात बी ठेचाच खात्यात!” त्यांनी डोळे पुसले. मग एकदम गंभीर झाले. “पण लोकांना नका येऊ म्हून सांगितलं, तर ते काय येणार न्हाईत व्हय? उलट टेकाडावर बी येतील. त्यांना आवाज ऐकायचाय.”

“मंग कसं करायचं?”

गुरुजींनी दार लोटून घेतलं.

पुढच्या मंगळवारी दोन वाजता पटांगणात नेहमीपेक्षा जास्त गर्दी झाली. गुरुजींनी सरबताची एक धुतलेली बाटली उंच धरली, श्वास रोखला आणि दातांमधून, कोणाच्याही लक्षात येणार नाही अशा बेताने, झकास ‘सुस्स’ काढला. आजचा आवाज आजवरचा सगळ्यांत चांगला, असं झुंबरबाईने शेजारणीला सांगितलं.

त्याच वेळी, गावापासून दूर, मुरमाड टेकाडावर पुंजाराम एकटाच वाऱ्याकडे तोंड करून उभा होता. हातातल्या बाटलीची तोटी नुकतीच बंद झाली होती. खालून टाळ्यांचा आवाज आला. पुंजारामने श्वास सोडला, इकडे तिकडे बघितलं आणि हळूच कॉलर नीट केली.